सापडलेला अमली पदार्थ ‘विक्रीसाठीच’ होता, हे न्यायालय कशावरून ठरवते?

प्रश्न : निवृत्त_शिक्षक_नाशिक

नमस्कार. आमच्या इमारतीत भाड्याने राहणाऱ्या, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला पोलिसांनी नुकतीच अटक केली. पंचनाम्यानुसार त्याच्या खोलीतील कापडी पिशवीत १ किलो ४०० ग्रॅम गांजा मिळाला. त्याशिवाय छोटा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा, प्लॅस्टिकच्या बऱ्याच रिकाम्या पुड्या, १८ हजार रुपये रोख आणि एक मोबाइल एवढा मुद्देमाल जप्त झाला आहे. गुन्हा एनडीपीएस कायद्याच्या (अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायदा) कलम ८(क), २०(ब) आणि २९ खाली नोंदवलेला आहे, आणि फिर्यादीत ‘विक्री करण्याच्या उद्देशाने स्वतःच्या ताब्यात बाळगलेला’ असे स्पष्ट लिहिले आहे.

मुलाचे वडील विदर्भातले शेतकरी आहेत. कागदपत्रांतली भाषा त्यांना समजत नाही, म्हणून ते माझ्याकडे येऊन बसतात. मुलगा गांजा ओढतो हे त्यांनी आता स्वीकारले आहे; तो विकत होता हे मात्र त्यांना पटत नाही. मी स्वतः कायद्याचा अभ्यासक नाही, आणि त्यांना खोटा धीर द्यावा असेही मला वाटत नाही. म्हणून जाणकारांना विचारतो. स्वतःच्या सेवनासाठी बाळगणे आणि विक्रीसाठी बाळगणे यांत आपला कायदा फरक करतो का? करत असल्यास उद्देश कोणी सिद्ध करायचा, सरकार पक्षाने की आरोपीने? वजनकाटा, पुड्या आणि रोकड एवढ्यावरून माणूस विक्रेता ठरतो का?

उत्तर १ : फौजदारी_वकिली_पुणे

आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांच्या समजुतीपेक्षा वेगळे असल्याने जरा मुळापासून सांगतो. फिर्यादीतील ‘विक्री करण्याच्या उद्देशाने’ हे शब्द वाचून वडील घाबरले असतील, पण शिक्षेच्या दृष्टीने त्या शब्दांपेक्षा पंचनाम्यातील ‘१ किलो ४०० ग्रॅम’ हा आकडा कितीतरी अधिक महत्त्वाचा आहे. आजचा कायदा ताबा कशासाठी होता हे मुख्यतः विचारतच नाही. तो ताब्यातला माल किती होता हे विचारतो.

हे नेहमीच असे नव्हते. हा कायदा १९८५ चा. मूळ कायद्यात सेवनासाठीच्या ताब्याला कलम २७ होते आणि त्यात उद्देशाला थेट स्थान होते. ताब्यातला पदार्थ ठरवून दिलेल्या अल्प प्रमाणात असेल, आणि तो स्वतःच्या सेवनासाठी होता, विक्रीसाठी किंवा वाटपासाठी नव्हता, हे आरोपीने सिद्ध केले, तर शिक्षा काही महिन्यांवर येत असे. सिद्ध करण्याचा भार मात्र आरोपीवर होता आणि अल्प प्रमाणाच्या मर्यादा फारच तोकड्या होत्या: चरस ५ ग्रॅम, हेरॉईन २५० मिलिग्रॅम. चरसाच्या बाबतीत ही मर्यादा ओलांडली की किमान दहा वर्षे, मग माणूस व्यसनी असो की व्यापारी. गोव्यात पकडलेल्या एका जर्मन नागरिकाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये दिलेला निकाल त्या काळाची कल्पना देतो. त्याच्याकडे चरसाचे म्हणून दोन तुकडे मिळाले होते, पण पोलिसांनी एकच तुकडा तपासणीला पाठवला. न तपासलेला तुकडाही चरसच होता असे गृहीत धरता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. सिद्ध झालेले वजन त्यामुळे ५ ग्रॅमच्या आत आले आणि त्याला कलम २७ चा लाभ मिळाला. दहा वर्षांचा कारावास आणि काही महिन्यांची कैद यांच्यामध्ये इतके थोडे अंतर होते.

हा अन्याय कमी करण्यासाठी २००१ ची दुरुस्ती आली. त्या वर्षीच्या अधिसूचनेने प्रत्येक पदार्थाचे ‘अल्प’ आणि ‘व्यावसायिक’ असे दोन आकडे ठरवले. गांजासाठी ते १ किलो आणि २० किलो आहेत, चरसासाठी १०० ग्रॅम आणि १ किलो, हेरॉईनसाठी ५ ग्रॅम आणि २५० ग्रॅम, कोकेनसाठी २ ग्रॅम आणि १०० ग्रॅम. अल्प प्रमाणाला आता जास्तीत जास्त एक वर्षाची सक्तमजुरी किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्यावसायिक प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षे, शिवाय किमान एक लाखाचा दंड. या दोहोंच्या मधल्या प्रमाणाला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड, पण किमान शिक्षा नाही. त्याच वेळी कलम २७ मधून ‘सेवनासाठी ताबा’ हा भाग निघून गेला आणि तेथे केवळ प्रत्यक्ष सेवनाचा गुन्हा उरला. परिणामी ताबा, खरेदी, विक्री आणि वाहतूक ही सर्व कृत्ये आता कलम २० च्या एकाच खंडात शेजारी शेजारी बसली आहेत आणि त्यांची शिक्षा केवळ वजनावर बदलते. ९०० ग्रॅम गांजा विकणारा आणि ९०० ग्रॅम गांजा स्वतःसाठी साठवणारा हे दोघे कायद्याच्या पुस्तकात एकाच ओळीत उभे राहतात. मला स्वतःला ही रचना अपुरी वाटते, कारण वजनावरून धंद्याचा केवळ अंदाज बांधता येतो आणि कायद्याने त्या अंदाजालाच निकाल मानले आहे.

मग मनातल्या हेतूला काहीच स्थान नाही का? आहे, पण ते ‘विकण्याच्या’ हेतूला नसून ‘जाणिवेला’ आहे. आपल्या ताब्यात काय आहे याची जाणीव आरोपीला असली पाहिजे. येथे कायदा सरकार पक्षाला मोठी सवलत देतो. कलम ३५ नुसार आरोपीची दोषी मनोवृत्ती गृहीत धरली जाते, आणि तशी मनोवृत्ती नव्हती हे त्याला वाजवी शंकेपलीकडे सिद्ध करावे लागते. कलम ५४ नुसार ताब्याचे समाधानकारक स्पष्टीकरण देता आले नाही तर त्याने गुन्हा केला असे न्यायालय मानू शकते. ही कलमे घटनाबाह्य नाहीत, पण ताबा, जप्ती आणि नमुन्यांची शुद्धता ही पायाभूत तथ्ये आधी सरकार पक्षानेच सिद्ध केली पाहिजेत आणि त्यानंतरच गृहीतक लागू होईल, असे सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये नूर आगा खटल्यात सांगितले. पंजाबातील अवतार सिंग खटल्यात, २००२ साली, अफूच्या बोंडांच्या भुशाची पोती भरलेल्या वाहनात त्या पोत्यांवर बसलेली माणसे सुटली, कारण केवळ पोत्यावर बसणे म्हणजे त्या पोत्याचा जाणीवपूर्वक ताबा असणे नव्हे. आपल्या विद्यार्थ्याच्या खोलीत आणखी कोणी राहत होते का, पिशवी कोठे होती, खोलीची किल्ली कोणाकोणाकडे होती, हे प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे आहेत.

आता वजनाकडे येतो, कारण या प्रकरणाचा खरा कणा तेथे आहे. १ किलो ४०० ग्रॅम म्हणजे मध्यम प्रमाण. येथे अल्प प्रमाणाची मर्यादा फक्त ४०० ग्रॅमने ओलांडलेली आहे. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे गांज्याच्या झाडाचे फुले किंवा फळे आलेले शेंडे. शेंडे सोबत नसतील तर बिया आणि पाने त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पंचनाम्यात पिशवीतल्या मालाचे वर्णन कसे केले आहे ते शब्दशः वाचा. पाने, काड्या, देठ, बिया असा उल्लेख आहे का? शेंडे वेगळे करून तोलले होते का? वजन पिशवीसह केले की पिशवी वगळून? सरकार पक्ष येथे २०२० च्या हीरा सिंग निकालाचा आधार घेईल, कारण मिश्रणातील निष्क्रिय पदार्थाचे वजनही एकूण वजनात धरायचे, असे त्या निकालाने ठरवले आहे. बचाव पक्ष उत्तर देईल की तो निकाल मिश्रणाबद्दल आहे, आणि जी वस्तू मुळात व्याख्येतच बसत नाही तिचे वजन धरण्याचा प्रश्न येत नाही. पाने आणि शेंडे एकत्र सापडले असतील तर व्याख्येतील ‘सोबत’ या अटीवर दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होतो. जामिनाच्या टप्प्यावर हा मुद्दा अनेकदा आरोपीच्या उपयोगी पडतो. खटल्यात तो रासायनिक पृथक्करणाच्या अहवालावर आणि कलम ५२(अ) प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर नमुने कसे घेतले यावर ठरेल.

प्रमाण व्यावसायिक नसल्याने जामिनासाठी कलम ३७ च्या अतिकठोर अटी येथे लागत नाहीत. वडिलांना एवढे तरी निश्चित सांगा.

उत्तर २ : माजी_अभियोक्ता

वरील विवेचन बरोबर आहे, तथापि उद्देशाचा पुरावा आता निरुपयोगी झाला आहे असा समज वाचकांचा होऊ नये, म्हणून सरकार पक्षाच्या बाजूने काम केलेल्या माणसाचे चार शब्द. मध्यम प्रमाणात शिक्षा शून्यापासून दहा वर्षांपर्यंत कोठेही बसू शकते. अशा वेळी न्यायाधीशांसमोर विक्रीचा पुरावा आहे की नाही, यावर काही महिने आणि काही वर्षे यांतला फरक ठरतो. जामिनाला विरोध करताना आणि कलम २९ खालील कट सिद्ध करतानाही हाच पुरावा लागतो.

विक्रीचा सर्वांत सरळ पुरावा म्हणजे डमी ग्राहक पाठवून केलेला सापळा किंवा व्यवहार चालू असतानाच घातलेला छापा. तो नसेल तर परिस्थितीजन्य पुराव्यावर भिस्त ठेवावी लागते. येथे तपास अधिकारी बऱ्याचदा वस्तूंची यादी करून थांबतात, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. वजनकाटा सापडला असे लिहिले, पण त्याच्या तबकडीवर अमली पदार्थाचे अंश आहेत का हे तपासायला तो न्यायसहायक प्रयोगशाळेत पाठवलाच नाही, तर तो काटा केवळ काटा राहतो. रिकाम्या पुड्या सापडल्या, पण त्याच जातीच्या पुडीत भरलेला माल एकही मिळाला नाही, तर त्या पुड्यांचा मालाशी संबंध जोडताना फार मोठी उडी मारावी लागते. रोकड तर सर्वांत कच्चा पुरावा आहे, कारण ती खोलीभाडे, महाविद्यालयाचे शुल्क किंवा घरून आलेले पैसे असू शकते. शेतकरी कुटुंबात रोखीने पैसे पाठवणे अजिबात असाधारण नाही, हे कोणत्याही न्यायाधीशाला वेगळे सांगावे लागत नाही.

याउलट, थोड्या थोड्या रकमा, वेगवेगळ्या व्यक्तींकडून, ठरावीक दराच्या पटीत, यूपीआयवर पुन्हा पुन्हा जमा झालेल्या असतील, आणि त्याच वेळांचे निरोप त्याच व्यक्तींशी झालेले असतील, तर मी त्या पुराव्याला खूप वजन देईन. एखादी वस्तू विक्रेता ठरवत नाही. व्यवहाराची पुनरावृत्ती ठरवते.

सेवनाची बाजू दाखवणारा पुरावाही तपासातूनच यायला हवा. चिलीम, रोलिंग पेपर, अर्धवट ओढलेले तुकडे खोलीत होते का? अटकेनंतर रक्त आणि लघवीची तपासणी झाली का? ही तपासणी वेळेत झाली नाही तर त्याचा लाभ कोणालाच होत नाही, कारण काही काळाने शरीरातील अंश निघून जातात आणि आरोपीचे ‘मी ओढतो’ हे म्हणणे केवळ त्याच्या तोंडचे राहते.

एक गोष्ट मात्र वाचकांनी लक्षात घ्यावी. मुरलेला विक्रेता अल्प प्रमाणाची मर्यादा आपल्यापेक्षा चांगली ओळखतो. मेफेड्रोन या कृत्रिम अमली पदार्थाची ती मर्यादा २ ग्रॅम आहे. तो खिशात त्याहून कमीच ठेवतो, उरलेला माल दुसरीकडे ठेवतो, आणि पकडला गेला तरी एका वर्षाच्या कलमात बसतो. वजनावर आधारलेली रचना निष्पाप व्यसनी माणसाला अधूनमधून चिरडते हे खरे, पण ती सराईत माणसाला निसटूही देते. पोलिसांच्या हाती उद्देशाचा चांगला पुरावा असूनही कायद्यात त्याला स्वतंत्र खाना नसल्यामुळे असे घडते, आणि शाळा-महाविद्यालयांच्या आवारात माल पोचवणाऱ्यांच्या बाबतीत मला ते फार खटकते.

उत्तर ३ : लेस्टरहून_एक_वाचक

मी इंग्लंडमध्ये फौजदारी खटल्यांत सॉलिसिटरांच्या कार्यालयात काम करते. वर ज्या ‘स्वतंत्र खान्याचा’ उल्लेख झाला तो येथे आहे, म्हणून तुलनेसाठी लिहिते.

येथील १९७१ च्या मिसयूज ऑफ ड्रग्ज ॲक्टमध्ये साधा ताबा हा एक गुन्हा आहे आणि ‘दुसऱ्याला पुरवण्याच्या उद्देशाने ताबा’ हा कलम ५(३) खाली वेगळा गुन्हा आहे. अमली पदार्थांच्या वर्गवारीत गांजा ब वर्गात मोडतो. साध्या ताब्याला कमाल पाच वर्षे, पुरवण्याच्या उद्देशाला चौदा. हेरॉईन आणि कोकेनच्या अ वर्गात हेच आकडे सात वर्षे आणि जन्मठेप असे होतात. येथे वजनाची कायदेशीर रेषा नाही. २००५ च्या एका कायद्यात अशी तरतूद केली होती की ठरावीक प्रमाणापेक्षा जास्त माल सापडला तर पुरवण्याचा उद्देश गृहीत धरावा, पण ती तरतूद कधीच अंमलात आणली गेली नाही. त्यामुळे उद्देश सिद्ध करण्याचा संपूर्ण भार सरकार पक्षावर असतो आणि तो ज्युरीला पटवावा लागतो.

पुरावा तुमच्याकडच्यासारखाच असतो: काटा, पुड्या, उधारीच्या नोंदी, एकाहून अधिक फोन, रोकड. नेहमी सेवन करणारा माणूस एका आठवड्यात किती ओढतो आणि किरकोळ बाजारात दर काय आहे, याबद्दल अनुभवी पोलिस अधिकारी तज्ज्ञ म्हणून साक्ष देतात, आणि बचाव पक्षही स्वतःचा तज्ज्ञ आणू शकतो. रोकडीबाबत न्यायाधीश ज्युरीला बजावतात की पूर्वीच्या विक्रीतून आलेला पैसा असला तरी आज सापडलेला माल विकायचा होता हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही.

तथापि ‘पुरवणे’ म्हणजे ‘विकणे’ नव्हे, आणि येथे अनेक विद्यार्थी फसतात. मित्राला फुकट दिले तरी तो पुरवठा. हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे त्या वेळच्या येथील सर्वोच्च न्यायालयाने, १९८७ मध्ये मॅगिनिस खटल्यात तर असे ठरवले की दुसऱ्याने ठेवायला दिलेले पाकीट त्याच माणसाला परत देण्याचा उद्देशही पुरवण्याचाच उद्देश ठरतो. शिक्षा ठरवताना मात्र माणसाची भूमिका पाहिली जाते: तो धंद्याचा सूत्रधार होता, महत्त्वाचा दुवा होता, की दबावाखाली किंवा व्यसनापायी वापरला गेलेला किरकोळ माणूस होता. २०१२ पासून लागू झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत भूमिका आणि प्रमाण हे दोन्ही निकष एकमेकांशेजारी ठेवलेले आहेत. मला ही पद्धत अधिक न्याय्य वाटते, कारण दोन माणसांकडे एकाच वजनाचा माल सापडला तरी त्यांचा अपराध सारखा नसतो.

प्रश्नकर्ता : निवृत्त_शिक्षक_नाशिक

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. वडिलांनी आज मुलाची भेट घेतली आणि एक नवी गोष्ट समजली. मोबाइलमध्ये तीन-चार मित्रांचे ‘आहे का?’, ‘आज दे’ असे निरोप आहेत, त्यांपैकी दोघांनी त्याला यूपीआयवर पैसे पाठवले आहेत. मुलगा म्हणतो की सर्वांनी मिळून वर्गणी काढून माल आणला होता आणि त्याने फक्त वाटून दिला, नफा घेतला नाही. यातल्या एका मित्राला पोलिसांनी जबाबासाठी बोलावले आहे. अशा स्थितीत कलम २९ चा अर्थ काय होतो? आणि ‘माल माझ्या सेवनासाठी होता’ असे मुलाने पोलिसांना लिहून द्यावे का? वडिलांचा कल तसा आहे.

उत्तर ४ : फौजदारी_वकिली_पुणे

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सर्वांत तातडीचा आहे. असे काहीही लिहून देऊ नये. ‘माल माझ्या सेवनासाठी होता’ या वाक्यात ‘माल माझा होता’ ही कबुली आधी येते. मध्यम प्रमाणात सेवनाचा उद्देश सिद्ध झाला तरी त्यामुळे आरोपी निर्दोष ठरत नाही; फार तर शिक्षा कमी होण्यास मदत होते. ताबा नाकारायचा की ताबा मान्य करून शिक्षेत सवलत मागायची, हा निर्णय दोषारोपपत्र, रासायनिक अहवाल आणि पंचनामा वाचल्यानंतर त्याच्या वकिलाने घ्यायचा आहे. दोन्ही बचाव एकाच वेळी मांडता येत नाहीत. पोलिसांपुढचा कबुलीजबाब पुराव्यात ग्राह्य नसतो. केंद्रीय यंत्रणांचे अधिकारी कलम ६७ खाली घेतात त्या जबाबालाही २०२० च्या तोफान सिंग निकालाने हाच नियम लावला. तरीही जबाबातून तपासाला दिशा मिळते, म्हणून मौन राखण्याचा हक्क त्याने वापरावा.

वर्गणी काढून आणलेल्या मालाबद्दल. आपल्या कायद्याच्या कलम ८(क) मध्ये विक्रीबरोबरच खरेदी, ताबा, वाहतूक आणि सेवन या सर्वांना मनाई आहे; ‘नफा घेतला नाही’ म्हणून कृत्य गुन्ह्याबाहेर जात नाही. लेस्टरच्या ताईंनी फुकट दिलेल्या मालाबद्दल जे सांगितले त्याच्याशी आपली स्थिती फारशी वेगळी नाही. पण नफा नसणे हे शिक्षेच्या वेळी निश्चितच सांगता येते, आणि माजी अभियोक्त्यांनी ज्या पुनरावृत्तीबद्दल लिहिले तिच्याकडे येथे नीट पाहावे लागेल. दोन मित्रांकडून एकदाच आलेली रक्कम ही वर्गणी दिसते. अनेक अनोळखी क्रमांकांवरून दर शनिवारी येणारी रक्कम धंदा दिसते. वडिलांनी बँकेचा उतारा मागवून तो प्रामाणिकपणे वकिलापुढे ठेवावा, त्यात गैरसोयीचे काही असले तरी.

निरोपांच्या बाबतीत दोन अडथळे सरकार पक्षाला पार करावे लागतात. पहिला पुराव्याच्या स्वरूपाचा. मूळ फोनच न्यायालयात सादर करून सिद्ध केला नाही आणि केवळ त्याच्या प्रती किंवा छापील पाने दिली, तर सोबत विहित प्रमाणपत्र अनिवार्य आहे. जालन्याच्या निवडणूक वादातून निघालेल्या अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये हे निःसंदिग्धपणे सांगितले. ती अट पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ६५(ब) मध्ये होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. दुसरा अडथळा आशयाचा. ‘आहे का?’ या दोन शब्दांतून कशाबद्दल विचारणा आहे हे इतर पुराव्याने दाखवावे लागते.

कलम २९ हे कटाचे आणि अपप्रेरणेचे (गुन्ह्याला चिथावणी किंवा मदत देण्याचे) कलम आहे आणि त्याची शिक्षा मूळ गुन्ह्याइतकीच असते. व्यवहारात त्याचा धोका असा, की वेगवेगळ्या व्यक्तींकडे सापडलेली छोटी छोटी प्रमाणे एकत्र जोडून सर्वांना मोठ्या प्रमाणाचे भागीदार ठरवण्याचा प्रयत्न होतो. मुंबईच्या क्रूझ प्रकरणात हेच घडले. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तीन तरुणांना जामीन देताना म्हटले की एकाच जहाजावर प्रवास करणे एवढ्यावरून कट सिद्ध होत नाही, गुन्हा करण्यावर मने एक झाल्याचा पुरावा हवा, आणि तेथील फोनमधील संभाषणांत तसे काही दिसत नाही. आपल्या प्रकरणात मात्र माल प्रत्यक्ष मुलाच्या खोलीत मिळाला आहे, त्यामुळे तो निकाल जशाचा तसा लागू होणार नाही. मित्रांच्या वकिलांना त्याचा उपयोग अधिक होईल.

पैसे पाठवणाऱ्या मित्रांबद्दलही एक भीती असते ती कलम २७(अ) ची, म्हणजे अवैध व्यापाराला अर्थपुरवठा करण्याची, ज्याला किमान दहा वर्षे आहेत आणि जामिनाला कलम ३७ आडवे येते. २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्या. सारंग कोतवाल यांनी एका अभिनेत्रीच्या जामीन अर्जावर सविस्तर निर्णय देताना स्पष्ट केले की कोणाच्या तरी सेवनासाठी पदार्थाचे पैसे देणे म्हणजे अवैध व्यापाराला अर्थपुरवठा नव्हे. तसे मानले तर सेवन करणाऱ्याला एक वर्षापर्यंत आणि त्याच्यासाठी पैसे मोजणाऱ्याला वीस वर्षांपर्यंत शिक्षा, असा विपरीत परिणाम होईल. त्याच निर्णयात त्यांनी असेही म्हटले की या कायद्यातील सर्व गुन्हे, अल्प प्रमाणाचेसुद्धा, अजामीनपात्र आहेत. म्हणून वजन १ किलोच्या आत आले तरी जामीन पोलिस ठाण्यातून हक्काने मिळेल असे समजू नये; न्यायालयातच अर्ज करावा लागेल.

आणखी एक तरतूद आहे जिचा उल्लेख न्यायालयात फार कमी वेळा होतो, आणि मला त्याचे वाईट वाटते. कलम ६४(अ) नुसार जो व्यसनाधीन आरोपी शासकीय किंवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने व्यसनमुक्तीचे उपचार घेण्यास तयार होतो, त्याच्यावर खटला चालवला जात नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येते. पण ही सवलत फक्त कलम २७ च्या आणि अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यांना आहे. या मुलासाठी ते दार उघडेल की नाही, हे पिशवीतील देठ, बिया आणि पाने वजनात धरली जातात की नाही यावर अवलंबून आहे. तरीही मुलाला सेवनाची सवय असेल तर निकालाची वाट न पाहता, जामीन मिळताच उपचार सुरू करावेत. वडिलांनी उद्या कोर्टातून पंचनाम्याच्या आणि नमुने घेतानाच्या कार्यवाहीच्या प्रमाणित प्रती मिळवण्यासाठी अर्ज द्यावा. प्रती हाती आल्यावर त्यातील मालाचे वर्णन, नाव आणि पत्ता वगळून, येथे जसेच्या तसे लिहिलेत तर पुढचे सांगता येईल.